गडकऱ्यांचे गाव: पन्हाळा

युनेस्कोने जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या ज्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत कोल्हापूरपासून सुमारे २० किलोमीटरवरचा पन्हाळा आहे. मात्र येथे तटाच्या आत नगरपरिषद, बाजार आणि राहती घरे आहेत. नामांकनाच्या काळात बांधकामांवर बंधने येतील या धास्तीने रहिवाशांनी विरोध केला, तो समजून घेण्यासाठी गडावरची वस्ती किती जुनी आहे, हे पाहावे लागते.

बाराव्या शतकाच्या अखेरीस शिलाहार राजा दुसरा भोज याने हा गड वसवला. पुढे यादव, बहमनी आणि आदिलशाही असे धनी बदलत गेले. आदिलशाहीत तटबंदीचे मोठे काम झाले. ‘तीन दरवाजा’ हे प्रवेशद्वार त्याच काळातले. सिद्दी जौहरचा १६६० चा वेढा आणि शिवाजी महाराजांची सुटका सर्वश्रुत आहे; पण वेढ्यात गड महिनोन्‌महिने टिकायचा, तो धान्य-पाण्यावर. अंबरखान्यातील गंगा कोठीच्या घुमटांना माथ्यावर भोके ठेवलेली आहेत, त्यांतून धान्य थेट आत ओतता येई. अंधारबाव ही तर तीन मजली विहीर: खाली पाणी, वर पहारेकऱ्यांची जागा आणि तटाबाहेर पडण्याची चोरवाट. शत्रूने दुसरे पाणी नासवले तरी हे शाबूत राहावे, अशी ती योजना.

ताराराणींच्या काळात पन्हाळा राजधानी झाला आणि १७८२ मध्ये कारभार कोल्हापुरास गेला, तरी गड ओस पडला नाही. पिढीजात राखणदारी करणारे गडकरी इनाम जमिनींवर येथेच नांदत होते. या जमिनी मामलेदारांच्या अखत्यारीत गेल्याने १८४४ मध्ये गडकऱ्यांनी बंड केले आणि साताऱ्याचे रेसिडेंट (इंग्रज सरकारचे प्रतिनिधी) कर्नल ओव्हन्स यांना गडावर कैदेत ठेवले. इंग्रजांनी १ डिसेंबरला गड घेतला आणि ‘चार दरवाजा’ हे प्रवेशद्वार पाडून टाकले.

त्या उठावाचा इतिहास पन्हाळ्यावर फारसा सांगितला जात नाही. पर्यटकांना पावनखिंडीकडे जाणारी वाट दाखवली जाते, ते स्वाभाविकच. पण आजच्या वादाचे मूळ त्याच जमिनींच्या प्रश्नाशी जवळचे आहे. ताराराणींच्या वाड्यात आज शाळा भरते, आणि जतन करायचे ते नेमके काय, यावर रहिवासी आणि शासन यांना एकत्र बसून ठरवावे लागणार आहे.