‘यू टू, ब्रूटस?’ आणि सीझरचे शेवटचे शब्द

रविवारी मखमलाबाद रोडला मिसळीचा बेत ठरतो, ऐनवेळी एकजण टांग मारतो आणि ग्रुपवर तो जुना फॉरवर्ड येतो: जिवलग मित्राचा वार पाहून रोमचा सत्ताधीश ज्युलियस सीझर ‘यू टू, ब्रूटस?’ म्हणाला आणि कोसळला.

वाक्य इतकं चपखल आहे की खरं वाटणारच. मीही वर्षानुवर्षं तेच सांगत आलो.

मुळात हे शब्द शेक्सपिअरच्या ‘ज्युलियस सीझर’ नाटकातले. तिसऱ्या अंकाचा पहिला प्रवेश उघडून पाहा, तिथे ते लॅटिनमध्ये आहेत: ‘एत तू, ब्रूते?’ (त्यातला ‘तू’ म्हणजे आपलाच ‘तू’, अर्थासकट.) आणि तिथेही ते शेवटचे नाहीत, लगेच पुढे ‘मग पड, सीझर!’ आहे.

प्रत्यक्ष खून इ.स.पू. ४४ मधला, १५ मार्चचा. रोमन चरित्रकार सुएटोनियस दीडशेहून अधिक वर्षांनी लिहितो: २३ वार झाले, पहिल्या घावाला कण्हण्यापलीकडे सीझर काही बोलला नाही. काहीजण मात्र सांगतात, तो ग्रीकमध्ये ‘तूसुद्धा, बाळा?’ म्हणाला. सीझरचरित्र, प्रकरण ८२; इंग्रजी भाषांतर इंटरनेटवर फुकट वाचता येतं.

राहिलं ‘जिवलग’. या वाक्यातला ब्रूटस म्हणजे मार्कस ब्रूटस. तो इ.स.पू. ४८ च्या युद्धात सीझरच्या विरुद्ध बाजूला होता. सीझरने त्याला माफ केलं होतं. मारेकऱ्यांतला खरा विश्वासातला माणूस दुसराच, डेसिमस ब्रूटस. त्या सकाळी सीझर घरीच थांबणार होता. यानेच समजूत घालून त्याला सभेला नेलं. सीझरच्या मृत्युपत्रात याचंही नाव होतं. फॉरवर्डमध्ये मात्र हा कुठेच नसतो.