काणीचा चाबूक आणि दोन अर्धी प्रथिने

शिरोळ, करवीरकडच्या उसाच्या खोडव्यात, म्हणजे तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या पिकात, उन्हाळ्यात फिरलं की उसाच्या एखाद्या बेटाच्या शेंड्यातून काळा, वाकडा चाबूक बाहेर आलेला दिसतो. आधी त्यावर चंदेरी पापुद्रा असतो. तो फाटला की काजळीसारखी भुकटी बोटांना लागते. उसाची ही काणी, एका बुरशीमुळे होणारा रोग. बेट उपटण्याआधी चाबकावर पोतं घालावं लागतं, नाहीतर भुकटी वाऱ्यावर शेजारच्या रानात जाते.

या रोगाची पहिली नोंद १८७७ सालची, दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतातली. हवाईत तो १९७१ मध्ये आणि ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंडमध्ये २००६ मध्ये पोहोचला. लागवडीचं बेणं ५० अंशांच्या गरम पाण्यात दोन तास ठेवायचा उपाय जुना आहे. पण ही बुरशी रोगकारक नेमकी कधी होते, हे कळायला फार वेळ लागला.

भुकटीचा कण रुजला की त्यातून बारीक पेशी निघतात. प्रयोगशाळेतल्या ताटलीत त्या यीस्टसारख्या निमूट वाढतात. त्यांचे दोन प्रकार असतात आणि एकाच प्रकारच्या पेशी उसाच्या डोळ्यावर टाकल्या तर काणी होत नाही. दोन वेगळ्या प्रकारच्या पेशींचं मीलन झालं, तरच धागा तयार होतो आणि तो डोळ्यातून आत शिरतो.

यामागचं कारण सापडलं ते मक्यावरच्या काणीत, म्हणजे उसाच्या काणीच्या भावकीतच. १९९० च्या सुमारास तिथली ‘बी’ नावाची जनुकीय जागा उलगडली आणि १९९२ पर्यंत स्पष्ट झालं की त्या जागी दोन जनुकं शेजारी-शेजारी आहेत. त्यांना ‘ईस्ट’ आणि ‘वेस्ट’ अशी नावं मिळाली. या जनुकांपासून त्याच नावांची प्रथिनं बनतात. एकाच पेशीतली ईस्ट आणि वेस्ट प्रथिनं एकमेकांना चिकटत नाहीत. एका प्रकारच्या पेशीतलं ईस्ट दुसऱ्या प्रकारातल्या वेस्टला मात्र चिकटतं. ही जोडी डीएनएवर बसून इतर जनुकं चालू-बंद करते, आणि तिथूनच बुरशी रोगकारक होते. मला या सगळ्या कथेत हे सगळ्यात विलक्षण वाटतं: दोन्ही अर्धी सुटी असताना निरुपद्रवी असतात.

उसाच्या काणीतही हीच जोडी आहे. तिच्यातलं ईस्ट जनुक काढून टाकलं की धागा बनत नाही आणि रोगही होत नाही. मात्र चाबकावरच्या प्रत्येक काळ्या कणात दोन्ही प्रकारांचा वारसा असतो, म्हणून एका कणातूनही दोन्ही प्रकारांच्या पेशी निघू शकतात. चाबकावर पोतं घालायचं ते यासाठीच.