तीन वर्षं झाली म्हणजे उधारी बुडाली?

परवा रामबागेत पोह्यांवर जीरावन भुरभुरत एक काका ठासून सांगत होते, "चार वर्षं झाली. आता मेहुण्याचे पैसे द्यायची गरजच नाही, कायदाच आहे तसा!" इंदूरच्या आपल्या मंडळींत हा समज जुनाच.

अर्धंच खरं आहे हे. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे हातउसन्या पैशांचा दावा साधारणपणे दिल्या दिवसापासून ३ वर्षांत लावावा लागतो. त्यानंतर कोर्टाचं दार बंद. पण बंद होतं ते दार. देणं पुसलं जात नाही. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २५ बघा: मुदत टळलेलं कर्ज फेडीन असं सहीनिशी लिहून दिलं, तर त्या कागदावर नव्याने दावा चालतो, मोबदल्यात काही मिळालेलं नसलं तरी. कर्ज मेलेलंच असतं, तर हे कसं जमलं असतं?

काकांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे मी काही लिहून दिलं नाही, तर तो कोर्टात जिंकणार नाही ना?"

"नाही."

"मग झालं तर!" म्हणत त्यांनी आणखी थोडी शेव मागितली. मेहुण्याशी बोलणं मात्र दिवाळीपासून बंद आहे म्हणे.