मीटरवरचा आकडा आणि इन्सुलिनचा डोस
(शुगर तपासणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

"मीटर चुकीचं दाखवतंय, बदलून द्या," असं म्हणत येणाऱ्यांच्या हातात बहुधा लॅबचा रिपोर्ट असतो. लॅबमध्ये 182, मीटरवर 201. असं मीटर आम्ही बदलून देत नाही, कारण ते बिघडलेलंच नसतं. आयएसओ 15197 या मीटरसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या 2013 च्या आवृत्तीनुसार साखर 100 च्या (म्हणजे एक डेसिलिटर रक्तात 100 मिलिग्रॅमच्या) खाली असेल तर 15 मिलिग्रॅमपर्यंत आणि 100 किंवा त्याहून जास्त असेल तर 15 टक्क्यांपर्यंत फरक चालतो, तोही शंभरातल्या 95 वेळा. म्हणजे खरी साखर 200 असताना 170 आलं काय आणि 230 आलं काय, मीटर पास!

आम्हाला धास्ती वाटते ती दुसऱ्याच चुकीची. खरी साखर 110, मीटर म्हणतं 290, आणि त्या 290 च्या हिशेबाने इन्सुलिन टोचलं जातं. मग साखर 70 च्या खाली घसरते. दरदरून घाम, हातांना कापरं, बोलण्यात गोंधळ. 54 च्याही खाली गेली तर शुद्ध हरपू शकते. रात्री झोपेत असं झालं तर शेजारी झोपलेल्यालाही पत्ता लागत नाही.

हा खोटा मोठा आकडा येतो कुठून? बऱ्याचदा बोटावरून. नुकताच आंबा चिरलेला असतो, प्रसादाचा पेढा हातात घेतलेला असतो. स्ट्रिपला रक्त लागतं जेमतेम एक थेंब. त्यात बोटावरचा गोडवा मिसळला की आकडा कुठल्या कुठे जातो. स्पिरिटचा बोळा फिरवून हे भागत नाही. साबणाने हात धुवा आणि नीट पुसा, कारण बोट ओलं राहिलं तर रक्त पातळ होऊन आकडा उलट कमी येतो. थेंब येत नाही म्हणून बोट पिळत बसू नका. हात खाली सोडून जरा हलवा.

दुसरं कारण स्ट्रिपची डबी. स्ट्रिपवरचं रसायन ओलाव्याने आणि उष्णतेने खराब होतं. पावसाळ्यात उघडी राहिलेली डबी, गॅसशेजारचं फडताळ, उन्हात तापलेली स्कूटरची डिकी, फ्रिज, या सगळ्या चुकीच्या जागा. डबी उघडल्याची तारीख तिच्यावरच लिहा. उघडल्यावर किती महिने चालते ते लेबलवर असतं. पाच-सहा स्ट्रिप कागदात बांधून मागणाऱ्यांना आम्ही नाही म्हणतो, त्याचं कारणही हेच. राग मानू नये.

रक्त कमी असेल, म्हणजे हिमोग्लोबिन बरंच खाली असेल, तर बऱ्याच मीटरवर साखर खऱ्यापेक्षा जास्त दिसते. व्हिटॅमिन सी मोठ्या डोसमध्ये सुरू असेल तरी गडबड होऊ शकते. पोटातून डायलिसिस करणाऱ्यांनी तर आधी आमच्याशी बोलल्याशिवाय स्ट्रिप घेऊच नये. त्याच्या काही द्रावणांत आयकोडेक्स्ट्रिन नावाचा पिष्टमय पदार्थ असतो, आणि जीडीएच-पीक्यूक्यू हे रसायन (एन्झाइम) वापरणाऱ्या स्ट्रिपला तो साखरच वाटतो. या प्रकाराशी जोडलेल्या 13 मृत्यूंच्या नोंदी झाल्यावर 2009 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (तिथल्या औषध नियंत्रण संस्थेने) जाहीर इशारा दिला होता.

मुलाने लंडनहून पाठवलेलं मीटर 7 दाखवत असेल तर घाबरू नका. तिथलं माप (मिलिमोल प्रति लिटर) वेगळं आहे. 18 ने गुणा, 126 येईल.

दंडावर सेन्सर लावणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की तो रक्तातली नव्हे, त्वचेखालच्या द्रवातली साखर मोजतो. त्यामुळे साखर झपाट्याने बदलत असताना तो काही मिनिटं मागे असतो, आणि त्याच कुशीवर झोपलात तर उगाच "लो"चा, म्हणजे साखर फार कमी झाल्याचा, अलार्म देतो.

आकडा अनपेक्षित वाटला तर डोस घेण्याआधी हात धुऊन नव्या स्ट्रिपवर पुन्हा तपासा. आणि अंग "लो" झाल्याचं सांगत असेल पण मीटर 140 म्हणत असेल, तर अंगाचं ऐका: तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या, पंधरा मिनिटांनी परत तपासा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

मीटरवर शंका असेल तर मीटर आणि स्ट्रिपची डबी दोन्ही घेऊन या. त्याच कंपनीचं कंट्रोल सोल्युशन (साखरेचं प्रमाण ठाऊक असलेलं तपासणीचं द्रावण) असेल तर इथेच तपासून देऊ. लॅबशी ताडायचं असेल तर उपाशीपोटीच, आणि रक्त देताना पाच मिनिटांच्या आत बोट टोचून. जेवणानंतर बोटातली साखर शिरेतल्यापेक्षा जास्तच असते, त्यामुळे ती तुलना फुकट जाते.