साउंडगार्डन

साउंडगार्डन : (स्था. १९८४). अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातील सिॲटल शहराचा रॉक बँड. गायक व गिटारवादक क्रिस कॉर्नेल, गिटारवादक किम थायिल आणि बासवादक हिरो यामामोटो हे संस्थापक. ‘ग्रंज’ म्हणून पुढे जगभर गाजलेल्या, जड व खरखरीत गिटारांच्या रॉक संगीताची सुरुवात ज्या मोजक्या बँडांनी केली, त्यांतला हा एक. ग्रंज म्हटले की आपल्याकडे आधी निर्व्हाना आठवतो आणि त्यामागून पर्ल जॅम. मोठ्या रेकॉर्ड कंपनीशी करार करणारा या गोटातला पहिला बँड मात्र साउंडगार्डन होता. आणि लोकप्रियतेच्या शिखरावर पोहोचायला त्यालाच सर्वांत जास्त वेळ लागला. या उशिराची कारणे पाहिली की हा बँड बराचसा समजतो.

गोष्ट सिॲटलच्या बरीच बाहेर सुरू होते. शिकागोजवळ पार्क फॉरेस्ट नावाचे उपनगर आहे. तिथे थायिल, यामामोटो आणि ब्रूस पॅव्हिट हे मित्र वाढले. थायिलचे आईवडील मूळचे केरळचे. त्याचा जन्म सिॲटलचा असला तरी बालपण इलिनॉयमध्ये गेले. १९८१च्या सुमारास हे तिघे वॉशिंग्टन राज्यात आले. थायिलने वॉशिंग्टन विद्यापीठात तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला आणि विद्यापीठाच्या केसीएमयू या रेडिओ केंद्रावर तो तबकड्या लावू लागला. पॅव्हिटही या केंद्रावर कार्यक्रम करी. ‘सब पॉप’ या नावाने तो आधी एक हौशी पत्रिका काढत असे आणि मग ध्वनिफिती.

कॉर्नेल मात्र अस्सल सिॲटलकर. त्याचा जन्म १९६४चा. शाळा अर्धवट सुटलेली, पोटासाठी हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत काम. तो मुळात ड्रम वाजवणारा. दुसऱ्यांची गाणी वाजवणाऱ्या ‘द शेम्प्स’ या बँडमध्ये तो ड्रम वाजवून गात असे. तिथे बास आधी यामामोटोकडे होता. तो बाहेर पडल्यावर त्याच्या जागी थायिल आला. शेम्प्स मोडला, तरी कॉर्नेल आणि यामामोटो एकत्र वाजवत राहिले, काही काळाने थायिल त्यांच्यात सामील झाला आणि १९८४मध्ये बँड उभा राहिला. त्या काळात कॉर्नेल ड्रमच्या मागे बसूनच गाई. १९८५मध्ये स्कॉट संडक्विस्ट ड्रमवर आला आणि गायकाला उभे राहायला रंगमंचाची पुढची जागा मिळाली.

नाव त्यांनी शहरातूनच उचलले. सिॲटलच्या लेक वॉशिंग्टन या सरोवराकाठी, अमेरिकेच्या सागर व वातावरण संस्थेच्या आवारात, शिल्पकार डग्लस हॉलिस यांनी पोलादाचे बारा उंच मनोरे उभारले आहेत. त्यांवर ऑर्गनच्या नळ्या बसवलेल्या आहेत. वारा सुटला की मनोऱ्यांचा वरचा भाग त्याच्या दिशेने फिरतो आणि नळ्या घुमू लागतात. शिल्पाचे नाव ‘अ साउंड गार्डन’. नावातला बगीचा ऐकून गोड, हिरव्यागार सुरांची अपेक्षा ठेवणाऱ्याची मात्र फसगत होई.

१९८६च्या मार्चमध्ये ‘डीप सिक्स’ हा संकलित अल्बम निघाला. सी/झी या छोट्या स्थानिक कंपनीच्या या तबकडीवर ग्रीन रिव्हर, मेल्व्हिन्स, मालफंक्शन, स्किन यार्ड आणि यू-मेन यांच्याबरोबर साउंडगार्डनची तीन गाणी आहेत. ग्रंजचा पहिला दस्तऐवज म्हणून आज ती दाखवली जाते. तेव्हा तिच्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. त्याच वर्षी संडक्विस्ट घरच्या जबाबदाऱ्यांमुळे बाजूला झाला आणि स्किन यार्डचा मॅट कॅमेरन ड्रमवर आला. माझ्या मते बँडच्या वाटचालीतली ही सर्वांत निर्णायक अदलाबदल. कॅमेरन नसता तर पुढची अर्धी गाणी वाजवता आली नसती.

या काळातल्या एका ओळखीने शहराचाच नकाशा बदलला. जोनाथन पोनेमन हा केसीएमयूवरचाच एक निवेदक. साउंडगार्डनचा कार्यक्रम ऐकून तो इतका भारावला, की स्वतःच्या पैशांनी त्यांची तबकडी काढायला तयार झाला. पॅव्हिटकडे सब पॉप हे नाव आणि अनुभव होता, पैसा नव्हता. थायिलने दोघांची गाठ घालून दिली. पोनेमनने २० हजार डॉलर घातले आणि ‘सब पॉप’ ही खरीखुरी कंपनी झाली. तिनेच पुढे मडहनी आणि निर्व्हाना यांच्या पहिल्या तबकड्या काढल्या. पार्क फॉरेस्टमधली दोस्ती इतक्या लांबवर फळली. सिॲटलच्या उदयाचे श्रेय पावसाळी हवेला आणि तरुणांच्या उदासीला देण्याची पद्धत आहे. एका रेडिओ केंद्राभोवती जमलेल्या चार-पाच ओळखींनाही त्यातला मोठा वाटा द्यायला हवा.

१९८७च्या ऑक्टोबरमध्ये ‘स्क्रीमिंग लाइफ’ ही छोटी तबकडी सब पॉपने काढली. ती जॅक एन्डिनो यांनी रेसिप्रोकल रेकॉर्डिंग या स्टुडिओत ध्वनिमुद्रित केली. स्टुडिओ साधा, फीत आठ ट्रॅकची; त्या बंधनातून आलेला खरखरीत, अंगावर येणारा नाद नंतर सिॲटलची ओळख बनला. एव्हाना ए अँड एम ही बडी कंपनी बँडच्या मागे लागली होती. बँडने मात्र पहिला पूर्ण अल्बम ‘अल्ट्रामेगा ओके’ (१९८८) कॅलिफोर्नियातील एसएसटी या स्वतंत्र कंपनीकडे दिला, कारण पंक या साध्या, वेगवान, बंडखोर रॉकच्या श्रोत्यांमध्ये एसएसटीचा शब्द चालत असे. पत राखली, पण नाद बिघडला. ध्वनिमिश्रणावर बँड वर्षानुवर्षे नाराज होता आणि अखेर २०१७मध्ये एन्डिनो यांच्याकडून ते नव्याने करवून घेतले. गंमत अशी, की याच अल्बमला ग्रॅमी या संगीत पुरस्काराचे नामांकन मिळाले.

साउंडगार्डनचा नाद कानाला जड वाटतो, त्यामागे एक साधी युक्ती आहे. गिटारची सर्वांत जाड तार एक पूर्ण स्वर खाली उतरवतात. मग खालच्या तारांवर एकच बोट आडवे धरून दमदार स्वरजोडी वाजते आणि ती हवी तशी सरकवता येते. थायिलने ही पद्धत मेल्व्हिन्सच्या बझ ऑस्बोर्नकडून उचलली. सत्तरच्या दशकातल्या ब्लॅक सॅबथ या हेवी मेटल बँडचा संथ, काळाकुट्ट भार आणि पंकची बेफिकिरी यांचे मिश्रण तिथून तयार झाले. त्यावर कॉर्नेलचा आवाज. हेवी मेटलमधले अनेक गायक वरच्या पट्टीत कसरत करतात. हा माणूस वर जाताना आवाजाची जाडी सोडत नसे.

दुसरी खूण तालाची. रॉक म्हणजे चार मात्रांचे राज्य. साउंडगार्डनची ‘आउटशाइन्ड’ आणि ‘स्पूनमन’ ही गाणी सातात आहेत, ‘माय वेव्ह’ पाचात, ‘फेल ऑन ब्लॅक डेज’ सहात. रूपक किंवा झपतालाची सवय असलेल्या मराठी श्रोत्याला विषम मात्रांचे नवल नाही, पण इथे सम दाखवायला टाळी नसते, तबलाही नसतो. एक मात्रा कुठे निसटली हे डोके हलवता हलवता अचानक लक्षात येते. थायिलच्या आईवडिलांच्या मुळांशी याचा संबंध जोडण्याचा मोह भारतीय लेखकांना होतो. तो आवरावा. गाणे रचून होईपर्यंत आम्ही मात्रा मोजत नसू, तो निव्वळ योगायोग, असे थायिलनेच सांगितले आहे.

१९८९मध्ये ए अँड एमकडून ‘लाउडर दॅन लव्ह’ आला. बिलबोर्ड या अमेरिकी नियतकालिकाच्या लोकप्रिय अल्बमांच्या यादीत तो १०८व्या क्रमांकापर्यंत गेला. त्याच वर्षी यामामोटोने बँड सोडला आणि तो विद्यापीठात परतून भौतिक रसायनशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासाला लागला. बँड सोडण्याची इतकी सोज्ज्वळ कारणे रॉकच्या इतिहासात थोडीच असतील. त्याच्या जागी निर्व्हानातून बाहेर पडलेला जेसन एव्हरमन वर्षभरही टिकला नाही. तो पुढे अमेरिकन लष्कराच्या विशेष दलात गेला. १९९०मध्ये बेन शेफर्ड आला आणि चौकडी पक्की झाली.

त्याच वर्षीच्या मार्चमध्ये मदर लव्ह बोन या बँडचा गायक अँड्र्यू वूड हेरॉइनच्या अतिमात्रेने वारला. तो कॉर्नेलचा एकेकाळचा घरसोबती. कॉर्नेलने त्याच्यासाठी गाणी लिहिली आणि वूडचे साथीदार स्टोन गॉसर्ड व जेफ अमेंट यांच्यासह ती ‘टेम्पल ऑफ द डॉग’ या नावाने ध्वनिमुद्रित केली. ड्रमवर कॅमेरनच होता. सॅन डिएगोहून नुकताच आलेला एडी व्हेडर नावाचा लाजरा तरुण यात गायला. अमेंट, गॉसर्ड आणि व्हेडर यांच्यापासून पुढे पर्ल जॅम घडला. म्हणजे सब पॉपला उभे राहायला साउंडगार्डन निमित्त झाला होताच, पर्ल जॅमच्या बारशालाही तो हजर होता.

‘बॅडमोटरफिंगर’ १९९१च्या ऑक्टोबरमध्ये निघाला. दोनच आठवड्यांपूर्वी निर्व्हानाचा ‘नेव्हरमाइंड’ आलेला, त्याआधी ऑगस्टमध्ये पर्ल जॅमचा ‘टेन’. त्या दोघांनी घातलेल्या धुमाकुळात हा अल्बम ३९व्या क्रमांकावर थांबला. गुणात तो कुठेच कमी नाही. पण ‘नेव्हरमाइंड’मधली गाणी पहिल्या ऐकण्यातच ओठांवर बसतात, ‘बॅडमोटरफिंगर’ला दोन-चार फेऱ्या द्याव्या लागतात. ‘जीझस क्राइस्ट पोज’ या गाण्याची चित्रफीत एमटीव्ही या संगीतवाहिनीने दाखवायची बंद केली. गन्स एन’ रोझेस या बड्या रॉक बँडच्या दौऱ्यात आधी वाजवण्याची संधी मिळाली, तेव्हा त्या मंडळींनी या गंभीर चौघांचे नाव ‘फ्राउनगार्डन’ पाडले, म्हणजे कपाळावरच्या आठ्यांची बाग. याच अल्बममधले ‘रस्टी केज’ १९९६मध्ये कंट्री गायक जॉनी कॅश यांनी आपल्या पद्धतीने गायले.

मग आला ‘सुपरअननोन’. ८ मार्च १९९४ रोजी प्रसिद्ध झालेला हा अल्बम थेट पहिल्या क्रमांकावर उतरला. निर्माते मायकेल बाइनहॉर्न यांनी तो सिॲटलच्याच बॅड ॲनिमल्स स्टुडिओत करवून घेतला. यातल्या दोन गाण्यांच्या जन्मकथा सांगण्याजोग्या आहेत. ‘स्पूनमन’ हे नाव मुळात खोटे होते. सिॲटलच्या पार्श्वभूमीवरच्या ‘सिंगल्स’ (१९९२) या चित्रपटातल्या काल्पनिक गायकाची ध्वनिफीत दाखवायची, म्हणून अमेंटने काही गाण्यांची नावे नुसती रचली. कॉर्नेलने त्या नावांना खरी गाणी लिहून टाकली. पुढे ‘स्पूनमन’ बँडने घेतले आणि त्यात चमचे वाजवायला सिॲटलच्या रस्त्यांवर चमचे वाजवणारे कलाकार आर्टिस यांनाच बोलावले. कॅमेरनने जोडीला भांडीकुंडी बडवली. ‘ब्लॅक होल सन’ हे शब्द दूरचित्रवाणीवरचा वृत्तनिवेदक काही वेगळेच म्हणत असताना कॉर्नेलला चुकून तसे ऐकू आले. थायिलची गिटार यात फिरत्या भोंग्याच्या लेस्ली स्पीकरमधून काढलेली आहे, म्हणून ती पाण्याखालून आल्यासारखी हेलकावते. या दोन गाण्यांना १९९५मध्ये एकेक ग्रॅमी मिळाले. १०८, ३९, १ : क्रमांकांची ही उतरंड पाहिली की बँड एका रात्रीत वर आला नाही हे दिसते. मात्र अल्बम निघाल्यावर महिनाभरातच निर्व्हानाचा गायक कर्ट कोबेनने आत्महत्या केली आणि ज्या लाटेवर साउंडगार्डन सर्वांत उंच चढला, ती तेव्हाच ओसरू लागली.

१९९६चा ‘डाउन ऑन द अपसाइड’ हा स्वतः निर्मिलेला, थोडा मोकळा अल्बम. ताणतणाव वाढले आणि एप्रिल १९९७मध्ये बँड विसर्जित झाला. कॅमेरन पर्ल जॅममध्ये गेला. कॉर्नेल ऑडिओस्लेव्ह या बँडसाठी गायला. २०१०मध्ये चौघे पुन्हा एकत्र आले, २०१२मध्ये ‘किंग ॲनिमल’ निघाला. १८ मे २०१७ रोजी, डेट्रॉइटमधल्या कार्यक्रमानंतर काही तासांतच, कॉर्नेलचा मृत्यू झाला. मृत्यूची नोंद आत्महत्या अशी झाली. २०२५मध्ये बँडला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले; सन्मानितांच्या यादीत कॉर्नेल, थायिल, कॅमेरन आणि शेफर्ड यांच्याबरोबर रसायनशास्त्रासाठी बँड सोडून गेलेल्या हिरो यामामोटोचेही नाव होते.