घासलेली नळी आणि छऱ्यांचा फैलाव

खंडेनवमीला घरातली शस्त्रे पुसून पूजेला मांडतात, तेव्हा छर्रे उडवणाऱ्या बारा बोअर बंदुकीची नळीही तेलाच्या चिंध्यांनी साफ होते. उजेडाकडे धरली की आत लखलखीत वर्तुळे दिसतात. त्यात वावगे काही नाही. पण याच चकाकीच्या जोरावर ‘नळी आतून पॉलिश करून घ्या, बार दाट पडेल’, म्हणजे छर्रे कमी फाकतील, असे सांगितले जाते, आणि पुरावा म्हणून छऱ्यांनी भोके पडलेला पॉलिशच्या आधीचा एक कागद आणि नंतरचा एक कागद दाखवला जातो. हा दावा तपासायचा, तर छऱ्यांना नळीत नेमके काय सोसावे लागते ते आधी पाहू.

ट्रॅप शूटिंगच्या (उडत्या तबकड्यांवरच्या नेमबाजीच्या) रेंजवर फायरिंग थांबलेले असताना पुढच्या गवतातून वापरलेला एक वॉड उचला. काडतुसात दारू आणि छऱ्यांच्या मध्ये बसणारा हा प्लास्टिकचा तुकडा म्हणजे तळाला चकती आणि वर चार पाकळ्यांची वाटी. पाकळीच्या आतल्या बाजूवरून नख फिरवा. छऱ्यांचे गोल खळगे लागतात, तळाशी खोल आणि वर जावे तसे उथळ. बाहेरच्या बाजूला मात्र किरकोळ ओरखडे. आपल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर या तुकड्यावरच उमटलेले आहे.

ते खळगे कसे पडले? ऑलिंपिक ट्रॅपच्या काडतुसात २४ ग्रॅम छर्रे असतात. २.४ मिमी व्यासाचे घेतले तर सुमारे ३००. दारू पेटली की वायूचा दाब ६०० बारच्या आसपास (वातावरणाच्या दाबाच्या सुमारे ६०० पट) चढतो, तोही नळीच्या पहिल्या काही सेंटिमीटरांतच. नळीचा आतला व्यास १८.५ मिमी, म्हणजे छेदाचे क्षेत्रफळ २६९ चौरस मिमी. दाब गुणिले क्षेत्रफळ केले की बल येते सुमारे १६,००० न्यूटन. ढकलायचे वस्तुमान वॉडसकट जेमतेम २६-२७ ग्रॅम. न्यूटनचा दुसरा नियम लावा. त्वरण निघते गुरुत्वत्वरणाच्या साधारण ६०,००० पट. त्या क्षणी २४ ग्रॅम छऱ्यांचा भार दीड टनाच्या घरात जातो आणि तो पेलतात तळच्या थरातले चाळीसेक छर्रे. एकेका छऱ्याच्या वाट्याला पस्तीस किलो! मोहरीपेक्षा थोडा मोठा शिशाचा मणी आणि त्यावर तांदळाच्या २५ किलोच्या पोत्याहून जास्त ओझे. थोडा भार वाटीच्या भिंती घेतात, म्हणून हा आकडा वरच्या बाजूचा समजा. तरी मऊ शिसे चेपायला तो पुरेसा आहे. शिशात थोडे अँटिमनी मिसळून छर्रे कडक करतात ते यासाठीच.

चेपलेला छर्रा नळीतून बाहेर पडतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला ४०० मीटरच्या आसपास, म्हणजे आवाजाहून जास्त असतो. या वेगाला हवेचा अवरोध प्रचंड असतो. गोल छऱ्यावर तो सारखा पडतो. एका बाजूने चपटलेला छर्रा मात्र मागे रेंगाळतो आणि कडेला सरकतो. फैलावाच्या काठावर भरकटलेल्या छऱ्यांत अशांचाच भरणा असतो.

आता पॉलिशकडे वळू. वाटीतल्या छऱ्यांचा नळीच्या भिंतीशी संबंधच येत नाही. भिंतीवर घासते ते प्लास्टिक, आणि ते घर्षण १६,००० न्यूटनपुढे किरकोळ. शिवाय मापे पाहा. फैलाव ठरवतो तो नळीच्या तोंडाजवळचा आकसलेला भाग, म्हणजे चोक. फुल चोकचा, म्हणजे घट्ट चोकचा, आकस एक मिमीच्या आसपास. नळीच्या पृष्ठभागाचा खडबडीतपणा मिमीच्या हजाराव्या भागांत मोजतात.

मग समजूत आली कुठून? १९६० च्या दशकात प्लास्टिकची वाटी रूढ होण्याआधी छऱ्यांमागे नमद्याचा वॉड असे आणि बाहेरच्या थरातले छर्रे थेट पोलादावर घासत जात. खरखरीत किंवा गंजाने खड्डे पडलेल्या नळीत ते जास्त झिजत आणि भिंतीवर शिशाचे करडे पट्टे बसत. तिथे गुळगुळीत नळीचा उपयोग होणे पटण्यासारखे आहे. नमद्याची काडतुसे वापरणाऱ्याला आजही ते लागू पडते.

साफसफाई मात्र हवीच, विशेषतः कोकणातल्या पावसाळी हवेत, कारण दारूची काजळी ओल धरते आणि पोलाद गंजते. बंदूक रिकामी असल्याची दोनदा खात्री करा. सॉल्व्हंट लावून दहा मिनिटे थांबा. फॉस्फर-ब्राँझचा ब्रश चेंबरच्या (काडतूस बसते त्या) बाजूने घालून दहा-पंधरा वेळा पूर्ण आरपार न्या. चेंबरच्या पुढचा उतार आणि चोक इथे वितळलेल्या प्लास्टिकचे पापुद्रे चिकटतात, तिथे जास्त वेळ द्या. कोरडी चिंधी, मग तेलाचा पातळ हात. चोकची ट्यूब सुटी असेल तर काढून आटे पुसा, किंचित ग्रीस लावा. बार काढण्याआधी नळीतले तेल पुसून टाका.

ड्रिलवर अपघर्षक लावून नळी घासणे हे मात्र वेगळे प्रकरण. चोकची लांबी काही सेंटिमीटरच. तिथे सगळीकडून ०.१ मिमी धातू गेला तरी व्यास ०.२ मिमीने वाढतो आणि फुल चोक एक पायरी सैल होतो. म्हणजे बार दाट व्हायच्या ऐवजी विरळ! नळीला आतून क्रोमचा मुलामा असेल तर तो केसाहूनही पातळ असतो. एकदा फाटला की गंज त्याखाली शिरतो.

राहिला तो दोन कागदांचा पुरावा. फैलाव मोजतात ३६.६ मीटरवर (४० यार्ड), ७६ सेमी व्यासाच्या वर्तुळात. फुल चोकला ७०% छर्रे आत अपेक्षित, म्हणजे ३०० पैकी २१०. निव्वळ योगायोगाने हा आकडा प्रत्येक बाराला आठेक छऱ्यांनी इकडेतिकडे होतो. त्यामुळे काहीही न बदलता काढलेल्या दोन बारांतही वीस-बावीस छऱ्यांचा फरक दिसू शकतो. बघणाऱ्याला तो ‘पॉलिशचा गुण’ वाटतो. खरी चाचणी करायची तर एकाच खोक्यातली काडतुसे घेऊन आधी दहा बार आणि नंतर दहा बार काढा, दर बाराला नवा कागद लावा. वर्तुळ बार काढल्यावर, सर्वांत दाट भागाभोवती आखा. पाच काडतुसांतले छर्रे मोजून सरासरी घ्या आणि टक्केवारी तिच्यावर काढा. दोन सरासरींतला फरक सात-आठ छऱ्यांपेक्षा कमी भरला, तर तो योगायोगातच जमा करा.