कंबरदुखी

कंबरदुखी : शेवटच्या बरगडीपासून कुल्ल्यांच्या खालच्या घडीपर्यंत पाठीचा जो भाग येतो तिथलं दुखणं, मग ते पायात उतरो न उतरो. खरं तर हा आजार नाही, तापासारखं लक्षण आहे, पण लोक (आणि बरेचदा डॉक्टरसुद्धा) आजारासारखंच बोलतात त्याच्याबद्दल. ६ आठवड्यांच्या आतलं ते तीव्र, १२ आठवड्यांच्या पुढे गेलं की जुनाट, मधलं ते मधलं. २०२० साली जगात साधारण ६१.९ कोटी लोकांना हा त्रास होता असा अंदाज आहे, आणि माणसाला कामापासून दूर ठेवणाऱ्या कारणांत हे दुखणं बरीच वर्षं पहिल्या नंबरवर आहे.

'कंबर' हा शब्द फारसी 'कमर' वरून आला असं साधारणपणे मानतात, जुना संस्कृत शब्द कटि, म्हणून आयुर्वेदात कटिशूल, कटिग्रह. कंबरेतून मांडीच्या मागून पोटरी-पावलापर्यंत जाणाऱ्या कळेला चरकसंहितेत गृध्रसी म्हटलंय आणि ती वाताच्या विकारात धरलीय. नाव गिधाडावरून हे उघड आहे, पण का यावर एकमत नाही, कोणी म्हणतं रोग्याची चाल गिधाडासारखी होते म्हणून, कोणी म्हणतं चोचीने टोचल्यासारखं दुखतं म्हणून. चालीचा अर्थ जास्त सरळ वाटतो. बोलण्यात मात्र उसण भरली, चमक भरली, कंबर धरली, नस दबली, गादी सरकली असं सगळं चालतं, त्यातलं शेवटचं शरीररचनेच्या दृष्टीने चुकीचं आहे, कारण गादी (मणक्यांमधली चकती, डिस्क) दोन मणक्यांना घट्ट चिकटलेली असते, ती सरकत नाही, फुगते किंवा फाटून आतला मऊ गर बाहेर येतो.

जुन्यात जुना उल्लेख एडविन स्मिथ पपायरसमध्ये सापडतो असं म्हणतात. ही इजिप्शियन गुंडाळी इ.स.पू. १६०० च्या आसपासची, मजकूर त्याहूनही जुना असावा. त्यातली ४८ वी, म्हणजे शेवटची केस मणक्याच्या लचकेची आहे : वैद्याने रोग्याला पाय लांब करायला आणि आखडायला सांगायचं, दुखलं की तो लगेच पाय जवळ घेतो. मग उपचार सुरू होतो, त्याला पाठीवर उताणा झोपव, आणि... इथे मजकूर वाक्याच्या मधेच तुटतो, लिहिणाऱ्याने पुढचं लिहिलंच नाही.

ही पाय लांब करण्याची तपासणी म्हणजेच आजची लासेग टेस्ट असं काहीजण मानतात, ते जरा ओढूनताणून आहे. पण लासेग टेस्टच्या नावाचा घोळ खरा आहे. रोग्याला उताणं झोपवून गुडघा सरळ ठेवून पाय उचलायचा, साधारण ३० ते ७० अंशांच्या मधे पायात कळ गेली तर नस ताणली जातेय असं समजायचं, ही ती टेस्ट. फ्रेंच डॉक्टर शार्ल लासेग यांनी १८६४ मध्ये सायटिकावर (म्हणजे वरच्या गृध्रसीसारख्या, कंबरेतून पायात उतरणाऱ्या कळेवर) लिहिलं खरं पण त्यात ही टेस्ट नाहीच, ती त्यांच्या विद्यार्थ्याने, फोर्स्टने, १८८१ च्या प्रबंधात गुरूचं नाव देऊन मांडली. त्याच्या एक वर्ष आधी, १८८० मध्ये, सर्बियन डॉक्टर लाझा लाझारेविच (हेच तिकडचे नामवंत कथाकारही) यांनी ती छापली होती, आणि दुखणं स्नायूचं नाही तर ताणलेल्या नसेचं आहे हेही त्यांनीच नीट सांगितलं. फोर्स्टच्या मते कारण मांडीच्या मागच्या स्नायूने नस दाबणं हे होतं. तेव्हा तारीख आणि कारण दोन्ही बघता पारडं लाझारेविचकडे झुकतं, नाव मात्र लासेगचंच राहिलं. सायटिका नसेशी जोडण्याचं काम तर त्याआधी १७६४ मध्येच नेपल्सच्या कोतुन्यो यांनी केलं होतं.

गादीचा शोधही असाच तुकड्यातुकड्यांनी लागला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ऑपरेशनमध्ये असे गराचे तुकडे काढले गेले होते पण त्यांना कूर्चेची गाठ, ट्यूमर, समजले. १९२९ मध्ये अमेरिकन सर्जन डँडी यांनी दोन केसेस दिल्या, मात्र चित्र बदललं ते १९३४ मध्ये, बोस्टनचे मिक्स्टर आणि बार यांनी १९ केसेस मांडून हे गादीचंच फाटणं आहे असं दाखवलं तेव्हा. त्यानंतर पुढची कितीतरी दशकं कंबर दुखली की गादी बघा असं होऊन बसलं.

कारणांचं असं आहे की दहापैकी नऊ जणांत एक ठरावीक बिघाड बोट ठेवून दाखवता येत नाही, याला अविशिष्ट कंबरदुखी म्हणतात. स्नायू, लिगामेंट, मणक्यांचे मागचे छोटे सांधे, गादी, सगळ्यांना दुखतं आणि सगळ्यांचं दुखणं बाहेरून सारखंच लागतं. एमआरआयने हा प्रश्न सुटेल असं वाटलं होतं, उलट वाढला. १९९४ च्या एका अमेरिकन अभ्यासात कंबर दुखत नसलेल्या ९८ लोकांचा एमआरआय काढला तर ५२ टक्क्यांत निदान एक गादी फुगलेली निघाली आणि सगळ्या गाद्या ठीक असलेले फक्त ३६ टक्के. वयाच्या विशीतही साधारण ३७ टक्के लोकांत गादीची झीज दिसते आणि त्यांना काही दुखत नसतं. म्हणजे रिपोर्टवर 'डिस्क बल्ज' लिहून आलं म्हणजे दुखण्याचं कारण मिळालंच असं नाही.

बसल्याने गादीवर उभं राहण्यापेक्षा जास्त दाब येतो हे वाक्य सगळीकडे असतं, ते मूळ स्वीडनच्या नाकेमसन यांच्या १९६० च्या दशकातल्या मोजणीचं. १९९९ मध्ये विल्के वगैरेंनी एका स्वयंसेवकाच्या गादीत सेन्सर घालून परत मोजलं तेव्हा उभं असताना ०.५० मेगापास्कल (दाबाचं एकक) आणि सैल बसल्यावर ०.४६ आलं, म्हणजे उलटंच, आणि पाठ वाकवून २० किलो उचलल्यावर २.३. माणूस एकच होता हे धरूनही सैल बसणं म्हणजे गादीचा घात हे काही टिकत नाही. तरी तासन् तास एकाच स्थितीत बसू नये, धूम्रपान, जास्त वजन, कामातलं असमाधान, नैराश्य यांचाही संबंध आढळतो.

उरलेल्या थोड्या लोकांत मात्र कारण सापडतं आणि ते सोडून चालत नाही : ठिसूळ हाडाचं फ्रॅक्चर, कॅन्सर, मणक्याचा टीबी (पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ मध्ये वर्णन केलेला), तरुणपणी सुरू होणारा अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस (मणक्याच्या सांध्यांची सूज) ज्यात सकाळी ताठरपणा असतो आणि हालचालीने बरं वाटतं. कधी दुखणं मुतखड्याचं असतं, कंबरेचं नसतंच. लघवी अडणं किंवा कळेनाशी होणं, बसण्याच्या जागी बधिरपणा, दोन्ही पायांतली ताकद जाणं हे कॉडा इक्वायनाचं (मणक्याच्या खालच्या टोकाचा नसांचा जुडगा दबल्याचं) लक्षण, तेव्हा थेट इमर्जन्सी.

उपचारात सगळ्यात मोठा उलटफेर झोपून राहण्याबाबत झाला. १९८६ मध्ये २०३ रुग्णांवरच्या चाचणीत २ दिवस आराम सांगितलेल्यांच्या कामाच्या सुट्ट्या ७ दिवसवाल्यांपेक्षा ४५ टक्के कमी पडल्या, पुढे १९९५ मध्ये फिनलंडमध्ये तर रोजचं चालू ठेवणारेच सगळ्यात लवकर बरे झाले. फळीवर झोपा हा सल्लाही गेला, मध्यम कडक गादी (झोपायची) बरी ठरली. गोळ्यांमध्ये पॅरासिटामॉल २०१४ च्या मोठ्या चाचणीत साखरेच्या गोळीइतकंच चाललं, आयब्युप्रोफेनसारख्यांचा थोडा उपयोग होतो पण पोट, किडनी आणि हृदय बघून. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट दुखण्यासाठी व्यायाम, समजावून सांगणं, मसाज, सुया टोचण्याचे उपचार, वेदनेकडे बघण्याची मानसोपचार पद्धत यांना होकार दिला आणि पट्टा, ट्रॅक्शन (मणके ताणणं), अल्ट्रासाऊंड, टेन्स (त्वचेवरून हलके विजेचे झटके) यांना नाही म्हटलं. पट्टे तरी खपतातच. कुठला व्यायाम, यावर बरीच भांडणं आहेत, पण जो माणूस करत राहील तो, इथपर्यंतच पुरावा नेतो. दुखणं थांबल्यावर मार्गदर्शन घेऊन नियमित चालणं वाढवलेल्यांत ते परतायला मध्यक (निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना जास्त) २०८ दिवस लागले, न केलेल्यांत ११२ (२०२४ ची चाचणी).

ऑपरेशन मुख्यतः पायातल्या कळेसाठी, नुसत्या कंबरेसाठी फार क्वचित. बाहेर आलेला गर शरीर आपणहून खाऊन टाकतं, आणि गंमत म्हणजे तुकडा जितका मोठा आणि सुटा तितकी ही शक्यता जास्त. नेदरलँड्समधल्या २००७ च्या चाचणीत २८३ सायटिकावाले होते, लवकर ऑपरेशन केलेल्यांची कळ लवकर गेली पण वर्षाच्या शेवटी दोन्ही गटांत ९५ टक्के बरे, थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना मधे ऑपरेशन करावं लागलं. मणके जोडण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल, नुसत्या झिजेसाठी, मत बरंच विरुद्ध गेलंय.